ततियम्पि

आषाढ पौर्णिमेला वाहुळांच्या घरी बारा वाजायच्या आत जेवणं उरकली. उपोसथाचं अष्टशील घेतलं की दुपारनंतर अन्न तोंडात घालायचं नाही, आणि आज ते घरातल्या सगळ्यांनी घेतलं होतं. काहींनी श्रद्धेनं आणि नागसेननं आईच्या धाकानं. खिरीचं पातेलं मोरीत गेलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की या घरातले तंटे दिवेलागणीपर्यंत चालतात आणि आजचा तंटा मधल्या पोह्यांशिवाय करायचा आहे.

तंटा असा, की नागसेनच्या आईला, पंचफुलाबाईंना, चीवर घ्यायचं होतं.

आधी मुलांना वाटलं, शिबिर असेल. दहा दिवसांची श्रामणेर शिबिरं हल्ली बऱ्याच बायका करतात. मागच्या गल्लीतल्या खरातबाई डोकं भादरून गेल्या, परत आल्या, आणि आता त्यांचे केस पूर्वीपेक्षा दाट झालेत असं त्या स्वतःच सांगत फिरतात. तेव्हा थोरल्या नागसेननं "जा की, त्यात विचारायचं काय," असं म्हणून टाकलं होतं. मग पंचफुलाबाई म्हणाल्या, "शिबिर नाय. कायमचं." वेरूळच्या रस्त्याला भिक्खुणींचं एक लहानसं विहार आहे. तिथं श्रामणेरी होऊन राहायचं, मुंडण करायचं, नाव बदलायचं, पात्रात पडेल ते खायचं आणि राहायला म्हणून घरी पुन्हा यायचं नाही. तिथल्या थोरल्या भिक्खुणीला सगळे आर्याजी म्हणतात. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की घरच्यांना विचारून या, आणि पावसाळ्याचा वर्षावास लागतोय तर फार उशीर करू नका.

म्हणून गारखेड्याच्या घरात आज सगळे गोळा झाले होते. मधली विशाखा कन्नडहून पहिल्या एसटीनं आली. ती तिथं दवाखान्यात नर्स आहे, आणि सुटी मिळावी म्हणून तिनं आईला बरं नाही असं सांगितलं होतं. खोटं न बोलण्याचं शील म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला. शेंडेफळ धम्मपाल पुण्याहून गाडीनं आला. त्याची बायको अमृता दिवस भरत आल्यामुळं आली नाही. धम्मपाल विपश्यनेची शिबिरं करतो आणि तेव्हापासून त्याला राग येत नाही. याचा बाकीच्यांना फार राग येतो.

वंदना झाली, साधु साधु साधु म्हणून झालं. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती अर्ध्यावर आली होती आणि बाबासाहेबांच्या फोटोचा हार पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. सगळे चटईवर बसले. उंच आसनावर बसायचं नाही हेही अष्टशीलातच येतं, आणि नागसेनचे तर गुडघे गेलेले. वाळूजच्या कंपनीत युनियनचा पुढारी म्हणून त्यानं उमेदीची वर्षं गेटसमोर उभं राहून भाषणं करण्यात घालवली, त्याची ती कमाई.

"सोफ्याला पाठ टेकली तर चालतं का?" त्यानं धाकट्याला विचारलं.

"पाठीबद्दल शीलात काही नाहीये, दादा."

नागसेननं पाठ टेकली आणि सभा सुरू केली. घरातली कुठलीही गोष्ट तो सभेसारखीच सुरू करतो. "विषय सगळ्यांना ठाव हाय. मायला घर सोडायचंय. माझा विरोध हाय. आता बाकीच्यांनी आपापलं मत मांडावं."

त्याची बायको करुणा आठ दिवसांपासून मत मांडायला टपली होती. या गल्लीत सासू दोन दिवस लेकीकडं गेली तरी बायका विचारतात, भांडण झालं का. इथं तर सासू हातात पात्र घेऊन दारोदार फिरणार. सासरे कडुबा वाहुळ शेवटी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांचं सगळं करुणानं केलं होतं, नाक न मुरडता. त्या सगळ्यावर आता एका पात्रानं पाणी फिरणार, आणि लोक म्हणणार, सुनेनं म्हातारीला भिकेला लावलं. तिला रडू येत होतं, पण रडलं की ती बोलू शकत नाही, म्हणून ती आधी बोलली.

"आत्याबाई, माझं काय चुकलं ते सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

"तुझं काय चुकायचं?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "आज खिरीत साखर जास्त झाली. तेवढंच."

"मग आमच्या पोरीचं, आमूचं लग्न? दिवाळीनंतर नातीचं लग्न आन आजी मुंडण करून यायची?"

"येईन की. आर्याजींसंगं येईन, जयमंगल गाथा म्हणीन."

"आन फोटोत कुठं उभं करायचं तुम्हाला?"

"मधी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "चीवर लई उठून दिसतं."

विशाखा फिसकन हसली. नागसेननं तिच्याकडं पाहिलं, तशी ती गंभीर झाली. एसटीत तिनं पक्कं ठरवलं होतं, आपण आईच्या बाजूनं बोलायचं. पण तिची आईची बाजू आईपेक्षा थोडी वेगळी होती. नवरा गेला, मुलगा शिकायला लांब गेला, तेव्हापासून तिच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी टीव्हीशिवाय कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्याच्या दुखण्यात दिवस जातो, स्वतःच्या घरात शिरायची मात्र तिला भीती वाटायची.

"दादा, तिला घर सोडायचं तर सोडू दे," ती म्हणाली. "माय, तू माझ्याकडं ये. कन्नडला बी विहार हाय. मी सकाळी डुटीवर जाते, तू बस ध्यानाला. कोणी त्रास देणार नाय."

"तसंच असेल ताई, तर आमच्याकडे जास्त गरज आहे," धम्मपाल शांतपणे म्हणाला. "अमृताची आई येऊ शकत नाहीये. बाळंतपण झालं की दोघांना सुटी नाही."

विशाखा त्याच्याकडं वळून बसली.

"धम्मा," विशाखा म्हणाली, "परवा फोनवर तू मला काय सांगितलं? सगळं अनित्य हाय, आसक्ती सोडा, तिला जाऊ द्या."

"अनित्य आहेच. पण निदान बाळ बसायला लागेपर्यंत."

"म्हणजे आत्याबाईंनी हितून सुटायचं आन तुमच्या पाळण्यापशी बसायचं?" करुणा म्हणाली. "त्यापरीस चीवर बरं!"

आठ दिवस विरोधात असलेली करुणा अशी एका वाक्यात चीवराच्या बाजूला गेली, आणि हे तिलाही बोलून झाल्यावरच कळलं. नागसेन तिच्यावर खेकसला. विशाखा वहिनीच्या मदतीला धावली. धम्मपाल न रागावता बोलत राहिला, त्यामुळं बाकी तिघांचा आवाज आणखी चढला. शेजारच्या सांडूमामांनी खिडकीतून "सगळं ठीक ना?" असं विचारलं. "पौर्णिमा हाय आज, मामा," असं करुणानं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

"हात वर करा," नागसेन ओरडला. "मतदान घेऊन टाकू."

"दादा, हा युनियनचा प्रश्न नाही, धम्माचा आहे," धम्मपाल म्हणाला. "मग संघाच्या पद्धतीनं घ्या ना. संघात ठराव तीनदा मांडतात. मांडणारा म्हणतो, ज्याला पटतं त्यानं मौन राहावं, ज्याला पटत नाही त्यानं बोलावं. पहिल्या दोन वेळेला काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. तिसऱ्यांदा सगळे मौन राहिले तर ठराव मंजूर."

"आन तिसऱ्यांदा एखादा जण बोलला तर?"

"तर बारगळला."

पद्धत अगदी अशीच आहे की नाही, हे धम्मपालला नीटसं आठवत नव्हतं. पण त्यानं ठामपणे सांगितलं, आणि नागसेननं झटकन मान्य केलं. वाहुळांच्या घरात सगळे एकाच वेळी गप्प बसले असं कधी झालेलं नाही. कडुबांची अंत्ययात्रासुद्धा कुठल्या रस्त्यानं न्यायची यावर अडली होती. धम्मपालचाही हाच हिशेब होता आणि विशाखाचाही. प्रत्येकाला वाटलं, आपण नाही तर दुसरं कोणीतरी बोलेलच, आणि म्हातारी दुखावणार नाही अशा रीतीनं प्रकरण मिटेल.

पंचफुलाबाईंनी पांढऱ्या लुगड्याचा पदर सारखा केला आणि हात जोडले. "मला चीवर घ्यायचंय. ज्याला पटतं त्यानं गप्प बसावं, ज्याला पटत नाय त्यानं बोलावं."

सगळे बोलले. तुला गोळ्या कोण देणार, थंडीत सिमेंटवर झोपशील का, आणि भिक्षेला तुला जोंधळ्याची भाकरच लागते ते त्या लोकांना कोण सांगणार. पंचफुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कंटाळून नागसेनच शेवटी म्हणाला, "पर तुला इथं कमी काय हाय, ते तरी सांग."

"कमी कायच नाय," त्या म्हणाल्या. "तुमचा बाप विहाराचा सेक्रेटरी. दर पौर्णिमेला भन्तेजी आपल्या घरी जेवाय. ते देसना द्यायचे, धम्म समजावून सांगायचे बाहेरच्या खोलीत, आन मी चुलीपशी. कान तिकडं लावला की हिकडं भाकर करपायची. भाकरीकडं बघितलं की तिकडं साधु साधु झालेलं असायचं. एवढी वर्षं झाली, सबंध देसना मी कधी ऐकली नाय. सुरुवात ऐकली, शेवट ऐकला, मधलं मला ठाव नाय. ते मला बसून ऐकायचंय. दुसऱ्यानं रांधलेलं खाऊन."

"मोबाईलवर ऐक की," नागसेन म्हणाला. "ढिगानं देसना पडल्यात."

"ऐकते. मधीच फोन येतो. तुझाच असतो."

विशाखाला एकाएकी तो स्वयंपाकघराचा दरवाजा आठवला. लहानपणी ती बाहेरच्या खोलीत वडिलांशेजारी मांडी घालून बसायची, आणि देसना पाठ म्हणून दाखवली की भन्तेजी तिला शाबासकी द्यायचे. आई कुठं आहे हे तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं. आज कन्नडला चल म्हणतानाही आपण तिला स्वतःच्या सोबतीसाठीच मागत होतो, हे तिला कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिनं पदराला नाक पुसलं.

"दुतियम्पि विचारते," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्रिशरण म्हणताना दुसऱ्या खेपेला दुतियम्पि येतं आणि तिसऱ्या खेपेला ततियम्पि. या घरातली लेकरं बोबडं बोलायच्या वयात हे शब्द शिकतात. "मला चीवर घ्यायचंय. ज्याला पटतं त्यानं गप्प बसावं."

विशाखा गप्प बसली. करुणाही गप्प बसली. सासू मांडीवर पोर घेऊन पुण्याला बसण्यापेक्षा आर्याजींपाशी बसलेली तिला चारचौघांत सांगायला सोपी होती, आणि खरं म्हणजे त्या करपलेल्या भाकरी आता तीच करत होती.

धम्मपाल बोलला. "आई, खरं सांगायचं तर तुला आम्हाला विचारायची गरजच नाहीये. नियम आईवडिलांच्या परवानगीचा आहे, आणि बाईला नवऱ्याच्या. तुझे आईवडील नाहीत, बाबा नाहीत. मुलांच्या परवानगीचं मी तरी कुठं वाचलेलं नाही. तू उद्यासुद्धा जाऊ शकतेस."

"म्हंजे ही सगळी उठाठेव कशापायी?" नागसेन सरळ होऊन बसला. "माय, तुला हे ठाव व्हतं?"

"व्हय. आर्याजींनी सांगितलं व्हतं. त्या म्हणल्या, नियमात नाय, पर विचारून या."

"मग आमच्या तोंडाला पानं पुसायला बोलावलं काय?"

"नियमात नाय म्हणून इचारू नाय का माणसाला?" पंचफुलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझं लगीन ठरवताना मला कोणी इचारलं नाय. छावणीतली खोली सोडून हितं यायचं ठरलं तवा तुमच्या बापानं टेंपोच आणून उभा केला. मी खरकटी भांडी तशीच टोपल्यात भरली. माणसाला इचारलं नाय की लई लागतं. मी तुमच्यावर टेंपो आणणार नाय."

नागसेन गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि बाहेर ओट्यावर गेला. घोटभर पाणी पिण्याव्यतिरिक्त आज त्याला काही करता येत नव्हतं, म्हणून तो पाणी प्यायला. मागून धम्मपाल आला.

"चीवर घेतल्यावर हात लावता येत नाय म्हणं," नागसेन रस्त्याकडं बघत म्हणाला.

"नाही. पुरुषाचा स्पर्श चालत नाही. मुलगा असला तरी."

"पाया पडायचं?"

"लांबून."

"आन ती? डोक्यावर हात ठेवणार?"

"नाही, दादा."

नागसेननं मान हलवली. पन्नाशी उलटली तरी हिवाळ्यात त्याची आई त्याच्या गुडघ्यांना तेल चोळून देते, हे युनियनमध्ये कोणालाही माहीत नाही. तेल चोळताना ती त्याला फारसं काही बोलत नाही, "पाय लांब कर" एवढंच म्हणते. लोक काय म्हणतील, आमूच्या लग्नाचं काय, गोळ्या कोण देणार, हे सगळं तो आठ दिवस भाषणात घोळवत होता, आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. त्याला आई हवी होती. पहिलीतल्या पोराला हवी असते तशीच हवी होती, आणि एवढ्या साध्या मागणीसाठी त्याच्यापाशी शब्द नव्हते. मागण्या मांडण्यात ज्याची हयात गेली त्याची ही गत झाली.

"तिसऱ्यांदा एक जण बोलला तरी बारगळतो ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"तू बोलणार?"

धम्मपाल ओट्याच्या कडेला बसला. "मला वाटलं होतं, बोलेन," तो म्हणाला. "पण बाळ सांभाळायला ये, हे आता तिच्या तोंडावर कसं म्हणू?" त्याचा चेहरा बघून नागसेनला बरं वाटलं, विपश्यना सुरू केल्यापासून हा आज पहिल्यांदा आपल्या भावासारखा दिसत होता.

दोघं आत आले. नागसेन या वेळी सोफ्याला टेकला नाही. करुणानं त्याच्याकडं पाहिलं. भाषणाच्या आधी तो असाच ताठ बसतो. आता हा बोलणार, ठराव बारगळणार, आत्याबाई उद्यापासून निमूट चहा मागणार, आणि या घरात तो विषय पुन्हा कधी निघणार नाही. आठ दिवसांपूर्वी तिला हेच हवं होतं.

पंचफुलाबाईंनी पुन्हा हात जोडले.

"ततियम्पि विचारते. मला चीवर घ्यायचंय. ज्याला पटतं त्यानं गप्प बसावं. ज्याला पटत नाय त्यानं बोलावं."

विशाखा जमिनीकडं बघत रडत होती, पण आवाज न करता. धम्मपालनं डोळे मिटून मांडी घातली होती. तो ध्यानात आहे की लपलाय, हे कळायला मार्ग नव्हता. नागसेनचा जबडा हलला. "विरोध नोंदवावा" हे त्याच्या जिभेवर बसलेले शब्द होते, झोपेतसुद्धा बोलता येतील असे. त्यानं ते गिळले.

पंचफुलाबाई थांबल्या. थांबायला हवं होतं त्याहून जास्त थांबल्या. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. आपल्या घरात एवढी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"गप्प हायत, म्हंजे पटलं," त्या शेवटी म्हणाल्या. "असं मी धरते."

आता त्यांनी उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. जे हवं होतं ते पदरात पडलं होतं आणि त्यांना वाईट वाटत होतं; इतकं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि नागसेनपाशी नजर थांबली.

"नागू, तू बी गप्प?"

"तूच म्हणली ना, पटत असंल त्यानं गप्प बसावं."

"म्हणलं व्हतं." त्यांनी लुगड्यावरची नसलेली सुरकुती झटकली. "पर तू जन्मात कधी गप्प बसला नायस. मला वाटलं, एक जण तरी बोलंल."

नागसेननं धाकट्याकडं पाहिलं. "आता बोललं तर चालतं का?"

धम्मपालनं डोळे उघडले. "चालतं. पण धरत नाहीत."

"धरत नाय? नक्की?"

"ठराव झालाय, दादा. आता त्यानं काही बदलत नाही."

नागसेन चटईवरून हातांनी सरकत पुढं आला. गुडघे कडकड वाजले. आईच्या समोर आल्यावर त्यानं काय बोलायचं याची जुळवाजुळव केली नाही.

"माय, नको जाऊ," तो म्हणाला.

पंचफुलाबाईंनी ते डोळे मिटून ऐकलं. मग हात पुढं करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता जाते."